पेनात शाई भरताना आधी हवेकडे बघा

जून उजाडला की आमच्या सुलेखनाच्या वर्गात नव्या मुलांबरोबर नवी शाईपेनं येतात, आणि पहिल्याच आठवड्यात पालकांचं गाऱ्हाणं सुरू होतं. पेन गळतं, मध्येच उमटत नाही, टोपण काढलं की आत शाईचं तळं. ते पेन धुऊन पुन्हा नीट भरून दिलं की बहुतेक वेळा निमूट चालायला लागतं. दुकानदाराने फसवलेलं नसतं आणि मुलाने आपटलेलंही नसतं. भरण्यातच चूक झालेली असते.

चूक कुठे होते ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे टप्पे पाठ करावे लागणार नाहीत. पेनातून जेवढी शाई कागदावर उतरते, तेवढीच हवा आत जावी लागते. ही देवाणघेवाण निबेखालची जीभ सांभाळते. तिच्या लांबीभर एक बारीक खाच असते. शाई त्या खाचेतून खाली येते आणि हवा बुडबुड्याबुडबुड्याने वर चढते. हवेला वाट मिळाली नाही तर पेन अडतं, आणि आत हवा जास्त साठली तर ती शाईला बाहेर ढकलते. पेन भरताना शाई किती गेली हे सगळेच बघतात, हवा कुठे राहिली हे कोणी बघत नाही.

तयारी

निवांत वेळ हाताशी ठेवा. शाळेची रिक्षा खाली उभी असताना पेन भरायला बसू नका. रविवारी संध्याकाळी भरून ठेवलेलं पेन सोमवारी त्रास देत नाही.

टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरा आणि त्यावर एक ताट ठेवा. जे काही सांडेल ते ताटात सांडू दे. जवळ दोन वाट्या पाणी, धुतलेल्या सुती कपड्याचा तुकडा किंवा टिश्यू, आणि ड्रॉपर घ्या. टिपकागद असेल तर उत्तमच. शाईची बाटली ताटाच्या मधोमध ठेवा, कडेला नको. बाटलीचं झाकण हातात धरून ठेवू नका, उलटं करून ताटात ठेवा.

पहिल्यांदाच भरणार असाल तर आधी साध्या पाण्याने सगळी क्रिया एकदा करून बघा. मुलांकडून मी दोनदा पाणी भरून घेतो आणि तिसऱ्यांदा शाई देतो.

टप्पा १ : पेन कोणत्या जातीचं आहे ते बघा

टाकीचे आटे फिरवून पेन उघडा.

आत काहीच नसेल, नुसती पोकळ टाकी असेल, तर ते ड्रॉपरचं पेन. मागे पारदर्शक नळी आणि तिला फिरवायची मूठ दिसली तर कन्व्हर्टर. हीरोच्या जुन्या पेनांसारखी धातूच्या आवरणात मऊ पिशवी असेल तर दाबून भरायचं पेन. टाकी उघडतच नसेल आणि मागचं टोक फिरत असेल तर पिस्टनचं. बंद तोंडाची शाईभरली कुपी बसवायची असेल तर कार्ट्रिजचं.

सावधान : कार्ट्रिजचं पेन आहे म्हणून टाकीत थेट ड्रॉपरने शाई ओतू नका. कित्येक टाक्यांना मागे बारीक भोक असतं, आणि धातूची टाकी शाईने आतून गंजते. उजेडासमोर टाकी धरून भोक आहे का ते बघा. पिस्टनच्या पेनाची टाकी जोर लावून उघडायचा प्रयत्न तर अजिबात नको.

टप्पा २ : शाई बघून घ्या

बाटलीवर ‘फाउंटन पेन इंक’ असं लिहिलेलं हवं. नुसतं ‘इंक’ पुरेसं नाही. चित्रकलेच्या ड्रॉइंग इंकमध्ये बऱ्याचदा लाख असते. ती वाळली की पाण्याने सुटत नाही आणि जिभेची खाच कायमची बुजते. शिक्क्याची शाई, प्रिंटरची शाई, पोस्टर रंग पातळ करून केलेली शाई, यातलं काहीही पेनात चालत नाही. हिराकस आणि मायफळाच्या जातीची, म्हणजे लोखंडाचे क्षार असलेली शाई पेनासाठीची म्हणून मिळते, पण रोज लिहिणाऱ्यानेच ती वापरावी. पेनात वाळली तर काढताना जीव जातो.

बाटली न हलवता उघडून उजेडात धरा. वर तवंग किंवा जाळीसारखी साय दिसली, कुबट वास आला, तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होतंच. अशी शाई गाळून वापरायची नाही, टाकून द्यायची. बुरशी पेनात गेली की तिथून पुढच्या चांगल्या बाटलीतही जाते.

दोन शाया एकत्र करू नका, मग दोन्ही निळ्या का असेनात. एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असली तर गाळ धरतो, आणि तो बाटलीत दिसत नाही, पेनात अडकतो. पेनात उरलेली शाई बाटलीत परत ओतायची सवयही याच कारणासाठी सोडा.

टप्पा ३ : पेन धुवा, नवं असलं तरी

नव्या पेनात कारखान्यातल्या तेलाचा अंश राहिलेला असू शकतो. तेलावर शाई ठरत नाही, म्हणून नवं कोरं पेन उमटता उमटत नाही. नवं पेन पहिल्या भरण्याआधी धुवा, शाई बदलताना दर वेळी धुवा, आणि तीच शाई चालू असेल तर महिन्या-दीड महिन्याने एकदा.

बेसिनमध्ये धुऊ नका. वाटीत धुवा. ड्रॉपरच्या पेनाची निब आणि जीभ नुसती दाबून बसवलेली असते. नळाच्या धारेखाली सुटली तर सरळ मोरीत.

पाणी साधं, माठातल्यासारखं हवं. गरम नको. माझ्या वडिलांचं काळंभोर एबोनाइटचं पेन मी एकदा लवकर स्वच्छ व्हावं म्हणून कढत पाण्यात बुडवलं. पाच मिनिटांत त्याचा काळा रंग शेवाळी तपकिरी झाला, तो पुन्हा आला नाही. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्याला उष्णता सोसत नाही. त्या पेनाकडे बघितलं की आजही वाईट वाटतं, म्हणून हे सांगतो आहे. स्पिरिट आणि सॅनिटायझरही नको, त्याने काही प्लास्टिकची पेनं तडकतात.

पहिल्या वाटीत पुढचा भाग, म्हणजे निब-जीभ बसवलेला तुकडा, दहा मिनिटं बुडवून ठेवा. मग कन्व्हर्टर असेल तर त्यानेच पाणी आत-बाहेर करा. ड्रॉपरच्या पेनाला मागच्या बाजूने ड्रॉपरने पाणी सोडा. दुसऱ्या वाटीत पाणी स्वच्छ पडेपर्यंत हे चालू ठेवा. अगदीच चिकट झालं असेल तर वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि नंतर साध्या पाण्याने तीन-चार वेळा. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी येत असेल तर शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने करा, नाहीतर क्षार खाचेत बसतात.

तपासा : निब खाली करून टिश्यूवर टेकवा. पाण्याचा डाग पसरेल, पण त्यात रंग दिसता कामा नये. दिसला तर अजून एक फेरी.

टप्पा ४ : भरणं

ड्रॉपरचं पेन

यावर जरा जास्त थांबतो, कारण सगळ्यात जास्त शाई याच पेनात मावते आणि सगळ्यात जास्त रडणंही याचंच असतं.

१. टाकी उभी धरा, तोंड वर. आटे कोरडे आहेत ना ते कापडाने पुसून बघा.

२. ड्रॉपरचं टोक टाकीच्या आतल्या भिंतीला टेकवा आणि शाई भिंतीवरून ओघळू द्या. मधोमध वरून सोडली तर अरुंद टाकीत एक बुडबुडा अडकतो, खाली रिकामं आणि वर शाई असं होतं. टाकी भरल्यासारखी वाटते आणि दोन पानांत संपते. बुडबुडा अडकलाच तर टाकी थोडी तिरपी करून नखाने टिचकी मारा, तो वर येतो.

३. आटे सुरू होतात त्याच्या दोन-तीन मिलिमीटर खाली थांबा. काठोकाठ भरायचा मोह इथेच नडतो. पुढचा भाग आत गेला की त्याचं शेपूट शाईत बुडतं आणि तेवढी शाई वर उचलली जाते. जागा नसेल तर ती आट्यांत शिरते आणि मग दिवसभर आट्यांतून बोटांवर झिरपते. ‘सांध्यातून गळतं’ म्हणून येणाऱ्या पेनांत हेच कारण पहिलं असतं.

४. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, पुढच्या भागाच्या पहिल्या दोन-तीन वेढ्यांना पुरे. टाकीच्या तोंडाशी ग्रीस लागलं तर पुसा, शाईत जाऊ देऊ नका. व्हॅसलीन लावू नका, सांध्यात रबरी कडं असेल तर ते फुगतं. शिवणयंत्राचं तेलही नको.

५. टाकी उभीच ठेवून पुढचा भाग फिरवा. टाकी स्थिर, फिरणारा हात वरचा. आधी उलट दिशेने हलकेच फिरवून आटे कुठे बसतात ते ऐका, टक् असा बारीक आवाज येतो. मग सुलट फिरवा. यामुळे आटे वाकडे चढत नाहीत. बोटांच्या चिमटीने बसेल तेवढंच घट्ट करा, पक्कड कधीही नको.

सावधान : भरून झाल्यावर लगेच पेन उलटं करून झटकू नका. शाळेत आम्ही सगळे झटकायचो, पुढच्या बाकावरच्याच्या शर्टावर ठिपके उठायचे आणि फरशीवरची शाई खडूने टिपायची. झटकल्याने जिभेतली शाई एकदम बाहेर पडते, मागे हवा घुसते आणि पुन्हा पेन अडतं.

आता या पेनाची खरी गोम. टाकी अर्ध्याहून खाली गेली की आत मोठा हवेचा फुगा होतो. समजा, आत दोन मिली हवा आहे. पेन खोलीच्या पंचवीस अंशांवर होतं आणि तुमच्या बोटांच्या उबेने तेहेतीसवर गेलं. हवा सुमारे २.७ टक्के फुगते, म्हणजे ०.०५ मिली. ड्रॉपरचा एक थेंब साधारण एवढाच असतो. तोच थेंब वहीवर पडतो. टाकी भरलेली असताना आत हवा जेमतेम ०.३ मिली असते, तिच्या फुगण्याने ०.०१ मिलीच्या आतच शाई ढकलली जाते आणि जीभ तेवढी सहज झेलते. म्हणून ड्रॉपरचं पेन संपेपर्यंत वापरायचं नाही. एक तृतीयांश उरली की भरायचं. ‘अजून आहे की शाई’ म्हणत ढकलणाऱ्यांच्याच वहीवर डाग पडतात.

कन्व्हर्टरचं पेन

कन्व्हर्टर पेनात बसलेला असतानाच, निबेवाटे भरायचा. काढून वेगळा भरला तर जीभ कोरडी राहते आणि पेन सुरू व्हायला वेळ लागतो.

१. मूठ फिरवून पिस्टन, म्हणजे नळीतला दट्ट्या, पूर्ण खाली न्या.

२. निब शाईत बुडवा, पूर्ण. निबेचं नुसतं टोक बुडवून भरणारे अर्धी हवा ओढतात. निब जिथे बोटांच्या पकडीत शिरते तो काठही एक-दोन मिलिमीटर शाईखाली जायला हवा. पण निब बाटलीच्या तळाला टेकवू नका.

३. पिस्टन सावकाश वर ओढा. वर पोचल्यावर निब शाईतच ठेवून दहा सेकंद थांबा. मग पिस्टन पुन्हा खाली, पुन्हा वर. पहिल्या ओढण्यात नेहमी हवा येते, ती दुसऱ्यात जाते.

४. निब बाहेर काढून बाटलीच्या वर धरा आणि पिस्टन किंचित खाली करून तीन थेंब परत बाटलीत सोडा. ही त्याच बाटलीतली ताजी शाई, हिला हरकत नाही. मग निब वर करा आणि पिस्टन पूर्ण वर ओढून घ्या.

चौथी पायरी जवळजवळ सगळे गाळतात. बुडवून काढलेली जीभ शाईने तुडुंब असते, तिच्या कडेच्या बारीक खाचांत थेंबभरही जागा उरलेली नसते. तीन थेंब सोडून मागे ओढलं की त्या खाचा मोकळ्या होतात आणि पुढे हवा फुगली की वाढीव शाई झेलतात. पहिल्या ओळीवर पडणारा ठिपका बहुतेक याच पायरीने थांबतो.

कन्व्हर्टरमध्ये अर्धा ते पाऊण मिलीच शाई मावते, तेव्हा लवकर संपली म्हणून पेनाला दोष देऊ नका. शाई आहे पण मागे चिकटून राहिली आहे, खाली येतच नाही, असं दिसलं तर टाकीवर टिचकी मारा. वारंवार होत असेल तर आत तेलकटपणा आहे, साबणाच्या थेंबाने धुवा. आणि नवा कन्व्हर्टर घेताना पेन दुकानात घेऊन जा. पार्कर, लॅमी, पायलट यांचे आपापले वेगळे असतात, एकाचा दुसऱ्याला बसत नाही.

दाबून भरायचं पेन

निब शाईत बुडवून आवरणावरची पट्टी दाबा, सोडा, आणि मनात पाच मोजा. पिशवी फुगून पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो. असं पाच-सहा वेळा, बुडबुडे थांबेपर्यंत. दाबलेली पट्टी सोडायच्या आत निब बाहेर काढली तर शाईऐवजी हवा भरते, हीच इथली एकमेव मोठी चूक. धातूचं आवरण ओढून काढू नका, आतली पिशवी त्याच्याबरोबर निसटू शकते.

पिस्टन आणि कार्ट्रिज

पिस्टनचं पेन कन्व्हर्टरसारखंच, तेच तीन थेंब. मागची मूठ फिरायला जड झाली की जोर लावणं थांबवा.

कार्ट्रिज सरळ रेषेत दाबा, आतलं तोंड फुटल्याचं बोटाला जाणवतं. मग निब खाली करून पेन पेल्यात दहा मिनिटं उभं ठेवा. घाई असेल तर कुपी दोन बोटांत हळूच दाबा, निबेवर ओल दिसली की थांबा.

बाटली तळाशी आली आणि निब बुडेना, तर बाटली तिरपी धरण्यापेक्षा उरलेली शाई औषधाच्या लहान स्वच्छ, कोरड्या कुपीत काढून घ्या. अरुंद भांड्यात तेवढीच शाई उंच चढते.

टप्पा ५ : पुसणं आणि चालू करणं

बोटं धरतो तो भाग कापडाने फिरवून पुसा, पुढच्या भागाचा काठ विशेष करून. टोपणाच्या आत शाई दिसते ती निम्म्या वेळा गळलेली नसतेच, या न पुसलेल्या काठाची असते. निब वरून पुसायला हरकत नाही, पण तिच्या चिरेत कापडाचे धागे जाऊ देऊ नका. एक धागा अडकला की प्रत्येक रेघ जाड आणि फरकाटलेली येते, आणि माणूस निब बिघडली असं समजून नवी आणतो.

ड्रॉपरचं पेन निब खाली करून टिश्यूवर टेकवून धरा. एक-दोन मिनिटांत शाई झिरपून येते. मग वहीच्या मागच्या पानावर आडवे आठ काढा, जोर न देता. पहिल्या दोन-तीन ओळी फिक्या आल्या तर ते जिभेत उरलेलं पाणी आहे, आपोआप जातं.

तपासा : अर्धं पान लिहा, टोपण लावा, पेन दहा मिनिटं आडवं ठेवा, पुन्हा उघडून लिहा. पहिल्याच अक्षराला उमटलं आणि टोपण आतून कोरडं असलं की भरणं जमलं.

टप्पा ६ : दप्तरात आणि प्रवासात

पेन निब वर करून ठेवा. खिशात असेल तर आपोआप तसंच राहतं, दप्तरात मात्र आडवं पडतं. कंपासपेटीऐवजी दप्तराच्या बाहेरच्या उभ्या कप्प्यात ठेवायची सवय मुलांना लावा.

घाट चढताना याची खरी परीक्षा होते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. एवढ्या चढाला बाहेरचा दाब कमी होऊन पेनातली हवा जवळजवळ दहा टक्के फुगते. अर्धवट टाकीतल्या दोन मिली हवेचे ते चार थेंब झाले. निब खाली असेल तर चार थेंब शाई बाहेर येते, निब वर असेल तर नुसती हवा निघून जाते. विमानातही हाच नियम. निघताना पेन पूर्ण भरलेलं तरी ठेवा नाहीतर पूर्ण रिकामं, अर्धवट ठेवू नका. आणि पोचल्यावर पेन निब वर ठेवूनच उघडा.

गडबड झालीच तर

पेन दोन ओळी चालतं आणि अडतं : हवा आत जात नाही. टाकी अर्धा वेढा सैल करून पुन्हा घट्ट करा. लगेच चाललं तर खाचेत गाळ आहे, टप्पा ३ पुन्हा करा.

ठिपके पडतात : ड्रॉपरचं असेल तर टाकी भरा. कन्व्हर्टरचं असेल तर तो मागे सैल बसला आहे का ते बघा आणि तीन थेंब सोडा.

बोटं सांध्याच्या जागी निळी होतात : उघडा, आटे दोन्ही बाजूंनी पूर्ण कोरडे करा, ग्रीस लावा, दोन-तीन मिलिमीटर कमी भरा. तरीही झिरपत असेल तर उजेडात टाकीचं तोंड बघा, केसासारखी तड गेलेली असते. तिला उपाय नाही, टाकी बदलावी लागते.

कपड्यावर सांडलं तर चोळू नका. टिपून घ्या आणि लगेच गार पाण्याखाली उलट्या बाजूने धरा. गरम पाणी आणि इस्त्री डाग पूर्ण जाईपर्यंत नको.

आता बाटली. तिच्या तोंडाचे आटे पुसूनच झाकण लावा. न पुसता लावलं तर वाळलेल्या शाईची खपली पुढच्या वेळी उघडताना बाटलीत पडते आणि तिथून ड्रॉपरमध्ये येते. ड्रॉपरही साध्या पाण्याने दोनदा ओढून-सोडून धुवा, रबर काढून वाळत ठेवा, आणि बाटली खिडकीतल्या उन्हापासून दूर, कपाटात ठेवून द्या.